लायसन हातात, पैसे भरले, तरी बंदूक दुकानातच: हे थांबणं कशासाठी?

जागल्या:
लायसन मिळेपर्यंत थांबावं लागते, त्याची तक्रार नाही. ऑनलाइन अर्ज, सातबारा, ठाणेदाराचा अहवाल, मग जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. माणूस कसा आहे ते तपासलंच पाहिजे.

वाद त्याच्या पुढचा आहे. लायसनवर यूआयएन क्रमांक, म्हणजे देशभराच्या नोंदणीतला लायसनवाल्याचा स्वतःचा क्रमांक, छापलेला असते. यवतमाळ-वाशीमकडचा शेतकरी नागपूरच्या दुकानात बाराबोर दुनळी बंदूक पसंत करते, पूर्ण पैसे भरते आणि मग ऐकते की तुमच्या जिल्ह्याचं पडताळणीचं पत्र आल्याशिवाय माल सोडत नाही. दुकानाचं पत्र टपालानं जाते, आवक शाखेत पडते, तिथून टेबलावर जाते, सही होते, परत टपाल. तोवर हरभरा घाट्यावर येते आणि डुकराचा कळप एका रात्रीत पट्टाच्या पट्टा उलथून टाकते. ज्या क्रमांकासाठी देशभराचा डेटाबेस उभा केला, तो दुकानाच्या संगणकावर दिसते ना? मग कागद काहून फिरवून राहिले? माझं मत साफ आहे: पैसे घेतल्यानंतरची ही वाट निव्वळ फुकटची आहे.

बाराबोर:
फुकटची नाही जी. लायसनचा कागद खोटा निघाला तर गिऱ्हाईक पळून जाईल, दुकानदाराचं दुकान मात्र सील होईल. पोर्टलवर नोंद दिसणं वेगळं आणि समोरचं लायसनचं पुस्तक खरं असणं वेगळं. पुस्तकावर हातानं केलेल्या नोंदी असतात: शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा, हद्द. खाडाखोड तिथंच होते.

दुसरं म्हणजे, या दिवसांत करायचं काम कोणी करतच नाही. बंदूक दुकानात आहे तोवरच नीट पाहून घ्या. दुनळीचे तीन भाग सुटे होतात: नळ्या, दस्त्यासकट खटका (नळ्या जिथं बसतात तो लोखंडी भाग) आणि पुढचा लाकडी हातधरा. प्रत्येकावरचा क्रमांक स्वतः वाचा. बिलावर, लायसनवर आणि लोखंडावर तोच क्रमांक हवा. क्रमांकाच्या आधीचं अक्षर किंवा मागचे दोन आकडे कारकून सोडून देतात, आणि ते उघडकीला येते थेट नूतनीकरणाच्या वेळी. मग ठाण्यातला माणूस विचारते, ही कागदावरची बंदूक कुठं आहे? बिल बनतानाची दुरुस्ती पाच मिनिटांची. लायसनवर चढल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अहवाल.

मग चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेची लांबी. ६५ मिमी आहे की ७० मिमी, ते नळीवर कोरलेलं असते. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस आरामात बसते आणि तिथंच फसगत होते. ते उडाल्यावर काडतुसाच्या तोंडाची घडी उलगडायला जागाच राहत नाही, दाब वाढते. काडतूस बसलं म्हणजे चालते, असं नाही. पुढचा हातधरा काढून, बंदूक मिटलेली ठेवून हलवून पाहा. नळ्या खटक्यावर डुगडुगल्या तर तो नग घेऊ नका. नळी उजेडाकडे धरून आतले प्रकाशाचे गोल पाहा. गोल कुठं चेपलेला दिसला तर तिथं पोचा आहे. हे सगळं घरी आणल्यावर दिसलं तर दुकानदार म्हणणार, तुमच्याकडूनच पडली असंल.

कोर्टकचेरी:
दोघंही एक गोष्ट विसरून राहिले. लायसन कुठपर्यंत चालते ते आधी पाहा. हद्द फक्त जिल्ह्यापुरती असंल आणि दुकान नागपुरात, तर बंदूक बसमध्ये घालून आणता येत नाही. हद्दीबाहेरच्या प्रवासाची परवानगी आधी घ्यावी लागते. ‘बिल आहे ना’ हे नाक्यावर उत्तर होत नाही. बिनपरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनं दोन ते पाच वर्षं केली आहे. परवान्याची अट मोडणं हा वेगळा आणि सौम्य गुन्हा आहे, पण कोणतं कलम लागलं यावर भांडायला वकील लागते.

लायसन मिळाल्यावर शस्त्र खरेदीलाही मुदत असते. त्यामुळं रागारागात सौदा मोडून पैसे परत मागायच्या आधी ती तारीख वाचा.

तुरीचा धुरा:
मला तर हा वादच उलटा वाटते. बंदूक उद्या घरी आली तरी डुकरावर चालवता येते का? नाही. शस्त्र परवाना गृह शाखेचा, रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची परवानगी वनखात्याची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती वेगळी, लेखी घ्यावी लागते. नुकसानीचा पंचनामा, गट क्रमांक, मुदत, सगळं तिच्यात असते. ती नसताना गोळी झाडली तर पीक वाचते आणि शेतकरी आत जाते. टिपेश्वर, ताडोबाच्या वाघांच्या जंगलाच्या कडेच्या गावांत तर अंधारात हललेलं जनावर डुक्कर आहे की आणखी काही, हे टॉर्चच्या उजेडात ठरवायचं असते.

आणि जखमी डुकराबद्दल कोणी बोलत नाही. गुळगुळीत नळीतून एलजी (मोठा) छर्रा तीस-पस्तीस मीटरच्या पुढं विखरते. जनावर मरत नाही, तुरीत घुसते. सकाळी तूर सवंगायला आलेल्या बाईवर तेच धावून येते.

घाई करायची तर कुंपणाच्या तारेच्या झटका मशीनची करा. पण खरं झटका मशीन, जे थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. खांबावरून २३० व्होल्टची थेट तार टाकणारे माणसं मारून राहिले, वाघही.

जागल्या:
धुरावाले भाऊ, वनखात्याची परवानगी लागते हे मान्य. पण ती परवानगी मुदतीची असते ना? ती हातात, बंदूक नागपूरच्या कपाटात, मुदत संपली, पुन्हा अर्ज. एका खात्याचं घड्याळ दुसऱ्या खात्याशी जुळत नाही, हेच तर मी म्हणून राहिलो.

बाराबोर जी, तपासणी सगळी मान्य. तिला एक दुपार पुरते. तिच्या नावाखाली महिना खपवू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातलं १३ वं कलम काढून पाहा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची (तोंडातून दारू ठासायची) बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असंच तिथं आहे, आणि ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्यानंच वेगळी धरली आहे. टपालानं नाही धरली.

बोडीकाठ:
जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली की या चर्चेला अर्थ उरत नाही. निवडणुकीपुरती शस्त्रं जमा करायच्या यादीत नाव आलं तर नवी कोरी बंदूक घरी यायच्या आधी ठाण्यात. जमा करताना नळीतून तेलाचं फडकं फिरवा आणि पावतीवर क्रमांकासोबत ‘नवीन, ओरखडा नाही’ असं लिहून घ्या. रेक्झिनच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत पिशवीच्या आतच गंज धरते.

बाराबोर:
बोडीकाठ बरोबर बोलले. जागल्या भाऊ, टपालाबद्दल तुमचं खरं आहे, पण त्याचा उपाय पडताळणी काढून टाकणं नाही. खोट्या लायसनवर गेलेली एक बंदूक सापडली की पुढची दोन वर्षं खऱ्या शेतकऱ्यांचेच अर्ज पडून राहतात.

आणखी एक. कारखान्यातून आलेल्या नळीत साठवणीचं घट्ट ग्रीस असते. ते पुसल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. घरी आल्यावर उतावीळपणात पहिली चूक हीच होते, आणि दुसरी म्हणजे बंदूक आणि काडतुसं एकाच पेटीत. नळ्या सुट्या करून एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात.

कोर्टकचेरी:
पत्र लवकर हवं असंल तर एक करा. दुकानदाराकडून पडताळणीच्या पत्राचा जावक क्रमांक, तारीख आणि पोच मागून घ्या. गृह शाखेत नावानं विचारलं तर ‘आलं नाही’ हेच उत्तर मिळते. जावक क्रमांकावरून आवक नोंदवहीत शोधता येते. नोंद सापडली तर तो आवक क्रमांक टाकून लेखी स्मरणपत्र द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. नोंद नसंल तर पत्र टपालातच आहे, आणि दुकानाला दुसरं पाठवायला सांगायचं.