मदत हवी आहे: आई-बाबांसोबत पेरूची अँडियन एक्सप्लोरर, कुस्कोहून निघावं की अरेक्विपाहून?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा एप्रिलमध्ये आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत आणि यंदा त्यांना पेरूला न्यायचं पक्कं केलंय. माचू पिच्चू तर आहेच, पण माझा खरा जीव अडकलाय तो अँडियन एक्सप्लोरर या गाडीत. कुस्को ते अरेक्विपा, वाटेत पुनो आणि तितिकाका सरोवर, गाडीत दोन रात्री. स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली, पियानोचा डबा, शेवटी उघडा सज्जा असलेला डबा, असा सगळा थाट आहे. भाडं अवाढव्य आहे, पण त्यावर चर्चा नको, ते आम्ही भावंडांनी मिळून ठरवलंय. माझी अडचण उंचीची आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. बरीच वर्षं मालगाडीवर काढली. कर्जतला गाडीच्या मागे बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लागायचा आणि १:३७चा (३७ फुटांना एक फूट चढ) बोरघाट चढायचा, तोही पावसाळ्यात, मध्यरात्री, ब्रेकव्हॅनमध्ये कंदिलासोबत एकटे. रात्रीची गाडी त्यांच्या नशिबी जन्मभर होती, पण गादीवर पाठ टेकून नव्हे. म्हणून ही गाडी.

परवा व्हिडिओ कॉलवर त्यांना फोटो दाखवले. पलंग, झुंबरं, चांदीचे चमचे सगळं बाजूला ठेवून ते फोटो मोठा करून डब्याखालची बोगीच (चाकांचा सांगाडा) निरखत बसले. "हे डबे मुळात तिथले नसणार," म्हणाले. खरंच नाहीत. हे ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट साउथ पॅसिफिक एक्सप्रेसचे डबे. ती गाडी १९९९ ते २००३ एवढीच चालली. नंतर डबे जहाजाने पेरूला आणून २०१७पासून ही गाडी सुरू झाली. तिकडच्या क्वीन्सलँड राज्यात दोन रुळांमधलं अंतर १,०६७ मिलिमीटर आणि पेरूत १,४३५, हे कळल्यावर बाबांनी पुढचा अर्धा तास मला चाकं कशी बदलतात ते समजावलं.

आता मुद्द्याचं. उंची अशी आहे: कुस्को साधारण ३,४०० मीटर, म्हणजे लेहपेक्षा किंचित कमी. ला राया खिंड ४,३००च्या वर. पुनो ३,८००च्या वर, आणि पहिली रात्र गाडी तिथेच असते. दुसरी रात्र लागुनियास तलावाच्या बाजूला, ४,१००च्या वर. पुढे क्रुसेरो आल्तोला रूळ ४,४७०च्या आसपास जातो आणि मग उतरत उतरत अरेक्विपा, २,३३५.

एका ट्रॅव्हल एजंटचं म्हणणं आहे की वयस्कर माणसं आहेत, तर खालून, म्हणजे अरेक्विपाहून सुरुवात करा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मी कागदावर मांडून पाहिलं तर उलटंच दिसतं. अरेक्विपाहून निघालं की पहिलीच रात्र एकदम २,३३५वरून ४,०००च्या पार. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, त्याचे इथे तीन तेरा वाजतात. दिवसा किती उंच जाऊन आलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो हे महत्त्वाचं, हे आम्ही लडाखला अनुभवलंय. पहिल्या रात्री बाबांचं डोकं इतकं ठणकत होतं की पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं.

त्यामुळे माझा बेत असा: लिमाहून विमानाने कुस्को, पण तिथे न थांबता थेट गाडीने खाली उरुबांबाला (साधारण २,८७०). तिथे निवांत मुक्काम, तिथूनच माचू पिच्चू (ते २,४३०, म्हणजे आणखी खाली). मग कुस्कोत राहायचं, अंगाला हवा मानवली की गाडी. म्हणजे उंची पायरीपायरीने वाढते आणि शेवट अरेक्विपाला खाली उतरून होतो. पुनोहून लागुनियासची उडी मात्र राहतेच. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा, त्या दुसऱ्या रात्री झोप लागते का? गाडीत ऑक्सिजनची सोय असते हे माहीत आहे. पण तो मागितल्यावर लगेच मिळतो का, रात्री कोणी जागं असतं का, हे हवंय. वाटेत त्रास वाढलाच तर पुनोला उतरून जवळच्या हुलियाकाच्या विमानतळावरून खाली लिमाला जाणं हा पर्याय मी मनाशी धरून ठेवलाय. तो कितपत व्यवहार्य आहे?

गोळ्यांबद्दल: बाबा ७१, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. आई ६७, गुडघे दुखतात. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) दोघांसाठीही डॉक्टरांना विचारणार आहे, पण आईला पूर्वी सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं आणि हे औषधही त्याच घराण्यातलं. इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी सांगावं की आमच्या डॉक्टरांना नेमकं काय काय विचारू. औषध इथे विचारून घेणार नाही, काळजी नसावी.

खोलीबद्दल एक: स्वस्तातल्या खोलीत वरचा बर्थ शिडीने चढायचा आहे. आईला ते जमणार नाही, म्हणून दोन वेगळे पलंग असलेली खोली बघतेय. तिच्यात मध्ये चालायला जागा किती असते?

आणि जेवण. आई शुद्ध शाकाहारी. तिकडे किन्वाच्या सूपमध्येही चिकनचं पाणी असतं असं ऐकून आहे, त्यामुळे आधी लेखी कळवणारच. पण एकादशी मध्ये आली तर? मला तर वाटतं आईला जगात कुठे उपास सोपा जाईल तर तिथेच. बटाटा त्याच डोंगरांतला, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच, रताळंही अमेरिका खंडातलंच, आणि किविचा म्हणून जे मिळतं तो आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊ. गाडीतले आचारी एवढं साधं, कांदा-लसूण न घालता, करून देतात का?

भर (प्रतिसाद वाचून):

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टींची उत्तरं इथेच देते.

व्हिसा: दोघांकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे. तो किमान सहा महिने वैध असेल तर भारतीय पासपोर्टवर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. वैधता दोघांचीही भरपूर आहे.

पीतज्वराची लस: हा मुद्दा फार मोलाचा निघाला. पेरूहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं तर पीतज्वराचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. साठीनंतर ही लस जरा जपूनच देतात. आम्ही पेरूच्या जंगलाच्या भागात जाणार नाही, त्यामुळे परतल्यावर आई-बाबांना आमच्याकडे पुरेसे दिवस ठेवून मगच मुंबईला पाठवणार.

कोकाच्या पानांचा चहा: तिथे प्यायला हरकत नाही, पण पानं किंवा चहाच्या पुड्या अमेरिकेत आणता येत नाहीत. बॅगा भरताना मी स्वतः तपासेन.

महिना: जानेवारी ते मार्च पावसाचे म्हणून बाद. जून-जुलैत पठारावर रात्री पारा शून्याखाली जातो आणि २४ जूनच्या इंती रायमीला कुस्को तुडुंब भरतं. म्हणून मेचा उत्तरार्ध.

बाबांना मी अजून एक सांगितलेलं नाही: पहिल्या रात्री गाडी बराच वेळ पुनोला उभीच असते. त्यांना चालत्या गाडीत झोपायचंय. पण पुनोला त्यांच्यासाठी वेगळीच मेजवानी आहे. हा रूळ पुनोला पोचला १८७४मध्ये आणि कुस्कोला १९०८मध्ये. त्याच्याही आधी, १८७०मध्ये, यावारी नावाची बोट तितिकाकात उतरवली होती. इंग्लंडमध्ये बांधून, सुटे भाग करून, खेचरांच्या पाठीवरून अँडीज चढवून आणलेली. ती जवळून बघता येते का, हे कुणी अलीकडे गेलेलं असेल तर नक्की सांगा.

राहिलेले प्रश्न दोनच: लागुनियासची रात्र, आणि विमा. अमेरिकेत येणाऱ्या पालकांचा नेहमीचा विमा पेरूत चालत नाही, आणि मला उंचीचा त्रास व तिथून तातडीने खाली हलवण्याचा खर्च धरणारा हवाय. सत्तरीच्या पुढच्या माणसासाठी असा कुणी घेतला असेल तर अटी काय होत्या ते लिहा. दिशा एकदा ठरली की या आठवड्यातच बुकिंग करणार आहे.