ऑफिसच्या पीसीला ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं, की डीलर गळ्यात मारतो?

खातेवही
मंडळी, आमच्या सीए ऑफिसात चार नवीन पीसी घ्यायचेत. टॅली, एक्सेल, जीएसटी आणि इन्कमटॅक्सची पोर्टलं, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब आणि प्रत्येकाला दोन मॉनिटर, बास, यापुढे काम नाही. कोटेशन आलंय इंटेलचा आय३-१२१००एफ प्रोसेसर आणि सोबत एनव्हिडियाचं जीटी ७१० हे २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. माझं मत स्पष्ट आहे, हे कार्ड निव्वळ गळ्यात मारलंय. नावाच्या शेवटी एफ असला की त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणजे स्क्रीनवर काही दिसायलाच कार्ड घालावं लागतं. आधी प्रोसेसरमध्ये हजार-दीड हजार वाचवले असं दाखवायचं आणि मग साडेतीन हजाराचं कार्ड लावायचं, याला काय अर्थ आहे? साधा १२१०० घेतला तर यूएचडी ७३० ग्राफिक्स आतच येतं. हे ७१० आलं २०१६ मध्ये, आतली केप्लर पिढीची चिप तर त्याहून जुनी. केप्लरसाठी नवीन ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं आणि सुरक्षेचे अपडेटही सप्टेंबर २०२४ ला संपले. कोऱ्या करकरीत विंडोज ११ च्या मशीनमध्ये असलं कार्ड कशाला? त्यापेक्षा तेच पैसे ८ ची १६ जीबी रॅम करायला घालावेत. विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा, सोमवारी कोटेशनला उत्तर द्यायचंय.

स्क्रूड्रायव्हर
डीलर म्हणजे चोर हे आधीच ठरवून धागा काढलाय :) मी असेंबलिंग करतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. एक तर एफवाला माल हाताशी असतो, बिनाएफचा मागवावा लागतो, आणि गिऱ्हाईकाला पीसी कालच हवा असतो. दुसरं म्हणजे रिपेअरिंग. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा ये-जा करते, मदरबोर्डाचं एचडीएमआय पोर्ट उडालं की अख्खा बोर्ड उचलून सर्व्हिस सेंटरला, तो परत येईपर्यंत तुमचा माणूस बिनकामाचा, आणि ते सुद्धा रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात. कार्ड उडालं तर एक स्क्रू काढा, दुसरं खोचा, पाच मिनिटांत काम सुरू. शिवाय ऑनबोर्ड, म्हणजे प्रोसेसरमधलं, ग्राफिक्स रॅम खातं ती वेगळी. ७१० जुनं झालंय हे मान्य, पण कार्डच नको हे मला मान्य नाही.

खातेवही
@स्क्रूड्रायव्हर, तुमच्या दुकानात काय पडून आहे त्यावर माझ्या ऑफिसची खरेदी ठरणार का साहेब? रॅमचं म्हणाल तर विंडोजमध्ये जी अर्धी रॅम शेअर्ड म्हणून दिसते ती कमाल मर्यादा असते, तेवढी कायमची अडकून पडत नाही, दोन फुल एचडी स्क्रीनवर एक्सेल बघायला लागते ती किरकोळ. आणि लाइटचा प्रॉब्लेम असेल तर यूपीएस घ्यायचा, अर्थिंग करून घ्यायचं, ग्राफिक्स कार्ड हा काय त्यावरचा उपाय झाला?

रंगारी
ऑफिस म्हटलं की सगळ्यांना फक्त टॅलीच दिसतं. आमचं डीटीपीचं ऑफिस आहे, दिवसभर कोरल आणि फोटोशॉप, मोठ्या फ्लेक्सची फाइल उघडली की ऑनबोर्डवर झूम करताना अक्षरशः हात जोडावेसे वाटतात. आणि फोर-के स्क्रीनचा कोणी विचार केलाय का? ७१० च्या एचडीएमआयवर फोर-के मिळतं पण ३० हर्ट्झला, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउस हलवला की बाण मागून रेंगाळत येतो, एका क्लायंटच्या मीटिंग रूममधल्या टीव्हीवर हे बघितलंय, सगळे म्हणत होते वायफाय स्लो आहे! त्यापेक्षा जीटी १०३० घ्या, ६० हर्ट्झ मिळतात, ३० वॅटचं कार्ड, वेगळी पॉवर केबल लागत नाही.

बिल_पक्कं_द्या
१०३० सुचवताय तर पुढचं पण सांगा की राव. त्याच नावाने दोन कार्डं आहेत. २०१७ चं जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचं, मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, आणि २०१८ ला आलेलं साध्या डीडीआर४ मेमरीचं, त्याचा १७ सुद्धा नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे जीटी १०३०, फरक बारीक अक्षरात. ऑनलाइन घेणाऱ्याला कळणार कसं? आणि आतली चिप पास्कल पिढीची असल्यामुळे त्याचेही नियमित ड्रायव्हर आता बंद झालेत, २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे मिळणार. तुमच्या कामाला घ्यायचंच तर इंटेलचं आर्क ए३१० बघा, ४ जीबी आहे आणि एव्ही१ या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ चालवतंच, बनवतं सुद्धा. फक्त बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवं, नाहीतर ते कार्ड अडखळतं.

रंगारी
माझ्याकडे जीडीडीआर५ वालंच आहे आणि मस्त चाललंय. पण हो, खोक्याचं म्हणणं पटलं.

अर्धा_चहा
तुम्ही सगळे नवीन पीसीवर भांडताय, जुन्यांचं काय? आमच्या पतसंस्थेत अजून जुने एच६१ बोर्ड आणि आय३-३२२० प्रोसेसर आहेत, मागे फक्त व्हीजीए, म्हणजे मॉनिटरचं जुन्या पद्धतीचं ॲनालॉग पोर्ट. मॉनिटर बदलले तर नव्यांना नुसतं एचडीएमआय. शिपायाला कन्व्हर्टर आणायला पाठवलं तर त्याने एचडीएमआय टू व्हीजीए आणला. आम्हाला पाहिजे होता उलटा, व्हीजीए टू एचडीएमआय, तो वेगळा येतो, त्याला यूएसबीतून पॉवर द्यावी लागते. ते लावल्यावर अक्षरं अशी दिसायला लागली की खातेदाराचं नाव वाचायला चष्मा पुसावा लागायचा. शेवटी ७१० च घातलं. १९ वॅट, पंखा नाही, आवाज नाही, जुन्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) काही फरक पडला नाही. तेव्हा ७१० ला सरसकट शिव्या देऊ नका. एकच सांगतो, कॅबिनेट स्लिम असेल तर खोक्यात कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची छोटी पट्टी आहे का ते दुकानातच उघडून बघा, मोठ्या पट्टीचं कार्ड त्यात बसतच नाही.

खातेवही
@अर्धा_चहा, तुमची केस वेगळी आहे, तिथे ७१० ठीक. पण दादा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या प्रोसेसरला ११ अधिकृतपणे चालत नाही. लोकांचे पैसे ज्या मशीनवर मोजता त्या मशीनवर साडेतीन हजार कशाला घालायचे?

अर्धा_चहा
अहो, संचालक मंडळाकडून साडेतीन हजार मंजूर होतात, पस्तीस हजार होत नाहीत. तुम्ही सीए लोक, तुम्हाला हे आम्ही सांगायचं?

तिसरा_मॉनिटर
माझं ट्रेडिंगचं काम, तीन स्क्रीन लागतात, म्हणून थोडं सांगते. यूएचडी ७३० चार डिस्प्ले चालवू शकतं हे कागदावर खरं आहे, पण बोर्डाच्या पाठीला पोर्ट दोनच असतील तर चार काढणार कुठून? मी दोन मॉनिटर कार्डावर आणि एक बोर्डावर असं जोडलं होतं, तर बोर्डावरचा अंधारच. कार्ड घातलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीडी मल्टी मॉनिटर असं काहीतरी असतं ते चालू करावं लागतं. तिथपर्यंत जायचं नसेल तर एनव्हिडियाचं टी४०० कार्ड येतं, मॉनिटर जोडायला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, ते पण ३० वॅटमध्ये. कन्व्हर्टरचा खर्च मात्र धरून चला. तेव्हा खातेवही, "कार्ड लागतच नाही" हे वाक्य दोन स्क्रीनपर्यंतच खरं.

बिल_पक्कं_द्या
+१. आणि कोणी स्वस्तात जुनं १०५० टीआय कार्ड देतो म्हणाला तर आधी जीपीयू-झेड हे कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर लावून बघा, जुन्या जीटीएस ४५० कार्डावर खोटं बायोस (कार्डाच्या आतला प्रोग्राम) चढवून विकतात, त्यात नावाआधी सरळ फेक लिहून येतं.

स्क्रूड्रायव्हर
आता तिसऱ्या मॉनिटरवाल्या ताईंनी पोर्टचा विषय काढलाच आहे तर खातेवहींना विचारतो, कोटेशनमध्ये बोर्ड कुठला आहे? एच६१० चिपसेटचे बरेच स्वस्त बोर्ड एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढंच देतात. तुमचा दुसरा मॉनिटर व्हीजीएवर जाणार. डिस्प्लेपोर्टवाला बोर्ड घ्यायला गेलात की त्याचे पैसे वाढले, मग कार्डाचे वाचवले किती?

खातेवही
बघितलं, एचडीएमआय आणि व्हीजीएच आहे. मॉनिटर २४ इंची फुल एचडी आहेत, व्हीजीएवर चालून जाईल की. डिस्प्लेपोर्टवाल्या बोर्डाचा फरक विचारतो, पण तो धरला तरी बिनाएफ प्रोसेसर आणि बोर्ड मिळून कार्डाच्या खालीच बसेल असं वाटतंय.

स्क्रूड्रायव्हर
चालून जाईल? एक्सेलची ९ फॉन्टची शीट दिवसभर व्हीजीएवर बघायला बसवा तुमच्या आर्टिकलला (शिकाऊ मुलाला) आणि संध्याकाळी त्यालाच विचारा.

खातेवही
बरं, डिस्प्लेपोर्टचाच बोर्ड मागवतो, आय३-१२१०० बिनाएफ, १६ जीबी दोन काड्यांत. चार मशीनला मिळून एक साधं कार्ड कपाटात स्पेअर ठेवतो, तुमचा पावसाळ्याचा मुद्दा तेवढा घेतला. आता म्हणू नका की बिनाएफ येत्या सोमवारपर्यंत मिळणार नाही.

स्क्रूड्रायव्हर
सोमवारी नाही मिळणार, गुरुवारी मिळेल. आणि बिल जीएसटीसकट, तुम्हाला क्रेडिट घ्यायचं असणारच.