अंकलीजवळ नदीत मासे वर येऊन तोंड उघडतायत, काय प्रकार?

कृष्णाकाठचा: सकाळपासून रोहू, कटला मरून काठाला लागलेत, पाणी काळपट न वास पण येतोय. पोरं पोत्यात भरून न्यायलीत. खाल्लं तर चालतंय का?

मत्स्यवाला_मिरज: अजिबात नको! मळीसारखं सांडपाणी आलं की ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू टिकत नाय, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मरळ जिवंत हाय का बघा, ती हवेतनं श्वास घेते. ती पण मेली असंल तर विषाचा संशय.

कृष्णाकाठचा: मरळ पळतीया की!

सांगलीकर_ताई: मग ऑक्सिजनच. आत्ताच स्वच्छ बाटलीत पाणी भरा, बर्फात ठेवा, प्रदूषण मंडळाला फोन करा. दुपारपर्यंत पाणी वाहून जातं न पुरावा पण.