मॉनिटर १०८०पी, खेळ ४के: शहाणपणा की उधळपट्टी?

बारीकनजर
माझा मॉनिटर साधा, १९२०×१०८० पिक्सेलचा, म्हणजे १०८०पी. गेले काही महिने त्यावर जुने-नवे सगळे संगणकी खेळ ३८४०×२१६० ला, म्हणजे ४केला, चालवतोय. ग्राफिक्स कार्ड चौपट पिक्सेल काढतं, मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चारांचा एक करून पडद्यावर पाठवतो. एन्व्हिडियाकडे ही सोय २०१४ पासून डीएसआर नावाने आहे, एएमडीकडे त्याच वर्षाच्या शेवटापासून व्हीएसआर नावाने. कुणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो: "पडद्यावर पिक्सेल तेवढेच, मग फरक कसला दिसतो?"

फरक तारांवर दिसतो. शहर असलेला कुठलाही खेळ घ्या, उंचावर उभे राहा आणि लांबच्या विजेच्या तारांकडे बघा. १०८०पीला तार एका पिक्सेलपेक्षा बारीक पडते. कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच विचारतं, "इथे तार आहे का?" कुठे उत्तर हो, कुठे नाही. म्हणून तार तुटक दिसते, आणि कॅमेरा जरा हलला की ते तुकडे मुंग्यांसारखे पळायला लागतात. चौपटीला तेवढ्याच जागेत चार ठिकाणी विचारणा होते. एकाचं जरी उत्तर हो आलं तरी फिकट छटा उमटते आणि तार सलग वाटते. एफएक्सएए, म्हणजे कडा गुळगुळीत करायची स्वस्त पद्धत, काय करतं? तयार चित्रावरच्या पायऱ्या शोधून त्यावर बोळा फिरवतं. मुळात गाळली गेलेली तार त्याला कुठून सापडणार?

माझं मत असं की कार्डात जोर शिल्लक असेल तर सावल्या 'अल्ट्रा' करण्याआधी तो इथे खर्चावा. असहमत असाल तर सांगा.

खडूस
असहमत, आणि ठणकावून.
'गुळगुळीत' या शब्दाचे दोन अर्थ तुम्ही एकात कालवताय. कडा गुळगुळीत आणि हालचाल गुळगुळीत. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तिथे चौपट पिक्सेल काढायला लावले की फ्रेमरेट गडगडतो आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. तार सलग दिसली, पण समोरच्याने गोळी आधी झाडली. खेळायचंय की उभं राहून फोटो काढायचेत?

बारीकनजर
खडूसराव, चुरशीच्या ऑनलाइन खेळात मीही हे बंदच ठेवतो. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या खेळांत कार्ड झोपा काढत असतं, अडतं ते प्रोसेसरपाशी. तिथे पिक्सेल वाढवले तरी फ्रेमरेट फारसा हलत नाही. न वापरलेल्या ताकदीची काही शिल्लक जमा होत नाही ना खात्यात?

खडूस
विजेच्या मीटरवर होते. पंखाही फुकट ओरडत नाही.

तिरकी रेघ
दोघांच्या भांडणात माझी काडी.

'चौपट' हा आकडाच भुलवणारा आहे. जवळजवळ आडवी अशी एक कडा घ्या, छपराची म्हणू. डीएसआरच्या ४x मध्ये एका पिक्सेलला चार नमुने, म्हणजे चार ठिकाणची विचारणा, मिळतात खरे, पण ते २×२ असे सरळ चौकोनात, म्हणजे दोनच ओळींत. कडा वर सरकते तेव्हा एका ओळीतले दोन्ही नमुने एकदमच ओलांडते. म्हणून छटा तीनच मिळतात: कोरी, निम्मी, पूर्ण. तेच चार नमुने थोडे फिरवून मांडा. आता चौघं चार वेगळ्या उंचींवर येतात आणि छटा होतात पाच: ०, २५, ५०, ७५, १०० टक्के. नमुने तेवढेच, फक्त बसवायची पद्धत वेगळी, आणि पायरीची उंची निम्मी.

३डीएफएक्सच्या व्हूडू ५ या कार्डाने २००० सालीच ही फिरवलेली मांडणी वापरली होती. आजचं ४x एमएसएएसुद्धा (आकारांच्या कडांवर पिक्सेलमागे चार नमुने घेणारी पद्धत) नमुने असेच विखरून ठेवतं. तेव्हा छपराच्या कडेपुरतं बोलायचं तर चौपट रेझोल्यूशनपेक्षा ४x एमएसएए सरस, आणि तेही कमी खर्चात. वर्गात गणित सांगतोय असं वाटलं तर सोडून द्या, पण हाफ-लाइफ २ मध्ये दोन्ही लावून एकदा छपरं बघाच.

बारीकनजर
छपराचं बिनशर्त मान्य. हे मला माहीत नव्हतं.

पण तुम्ही सोयीची कडा निवडलीत. एमएसएए आकाराच्या कडेवर नमुने वाढवतं, रंगाचा हिशेब मात्र प्रत्येक आकारासाठी पिक्सेलमागे एकदाच करतं. म्हणून ओल्या रस्त्यावरचे दिव्यांचे चमकते ठिपके लुकलुकत राहतात. झाडाचं पान, जाळीचं कुंपण या खऱ्या आकृत्या नसतात, सपाट पट्टीवर भोकं पाडलेलं चित्र असतं. नुसत्या एमएसएएला त्या भोकांच्या कडा दिसतच नाहीत. आणि आजकालचे बहुतेक मोठे खेळ आधी सगळी माहिती बफरमध्ये साठवून प्रकाश मागाहून लावतात. तिथे एमएसएए इतकं महाग पडतं की पर्यायच दिलेला नसतो. चौपट रेझोल्यूशन कसलाही भेदभाव करत नाही. पान, डबकं, तार, केस, सगळ्यांना चार-चार नमुने.

मागचा फ्रेम
तुम्ही सगळे एकाच फ्रेममध्ये नमुने कोंबताय. टीएए ही कडा गुळगुळीत करायची पद्धत दर फ्रेमला नमुन्याची जागा अर्ध्या पिक्सेलच्या आत हलवतं आणि मागच्या फ्रेमची माहिती जोडत जातं. आठ फ्रेममध्ये आठ जागा तपासून होतात, तेही जवळपास फुकट. डीएलएए हेच काम शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडून मूळ रेझोल्यूशनला करतं. २०२१ मध्ये द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये पहिल्यांदा आलं. ते असताना चौपट पिक्सेल काढणं म्हणजे विहीर जवळ असताना टँकर मागवणं.

बारीकनजर
विहिरीचं पाणी गढूळ आहे हो! उभं असताना टीएए छान. पळायला लागलं की गवताचं पिठलं होतं आणि पात्रामागे भुताची शेपटी येते. मागच्या फ्रेममधलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हा त्याचा अंदाज चुकतो म्हणून. वरच्या रेझोल्यूशनला तोच टीएए सुसह्य होतो, कारण पुसट झालेला पट्टा पडद्यावर येईस्तोवर निम्म्या रुंदीचा होतो.

मागचा फ्रेम
मग चौपट कशाला? २०२२ च्या जानेवारीपासून डीएलडीएसआर आहे, म्हणजे न्यूरल नेटवर्कने दाबणारं डीएसआर. २.२५x घ्या, म्हणजे २८८०×१६२०, आणि खेळात डीएलएसएस (कमी पिक्सेल काढून न्यूरल नेटवर्कने चित्र मोठं करणारं) 'क्वालिटी'वर ठेवा. बऱ्याच जणांची ही आवडती जोडी आहे.

खडूस
थांबा, हिशेब करू द्या. डीएलएसएस क्वालिटी दोन्ही बाजू दोन-तृतीयांश करतं. २८८० चे १९२०, १६२० चे १०८०. म्हणजे कार्ड प्रत्यक्षात काढतं १०८०पी, ते फुगवून १६२०पी करायचं आणि पुन्हा दाबून १०८०पी! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

मागचा फ्रेम
हसा खुशाल. फुगवताना नुसती हवा भरली जात नाही, मागच्या फ्रेमचे नमुने भरले जातात. १६२० मध्ये ते ठेवायला जागा मिळते, १०८० मध्ये तेच आधी चिरडले जातात. दोन्ही टप्प्यांना थोडा वेळ लागतो हे खरं, पण तुमच्या चौपट बोज्यापुढे काहीच नाही.

नवखी
प्रश्न बाळबोध आहे. मी डीएसआर १.७८x लावून पाहिलं. कडा बऱ्या झाल्या, पण खेळातली अक्षरं मुंगीएवढी आणि धूसर. माझं काही चुकलं का?

तिरकी रेघ
तुमचं काही चुकलं नाही, ताई. १.७८x म्हणजे २५६०×१४४०. बाजूचा हिशेब १.३३ पट येतो, पूर्णांक नाही. पडद्यावरच्या एका पिक्सेलच्या वाट्याला दीड-दमडीचे तुकडे येतात आणि ते मिसळताना धूसरपणा येणारच. ४x ला बरोबर दोनास एक बसतं. आणि ड्रायव्हरच्या वाटेने गेलात की अक्षरांसकट सगळंच आकसतं. खेळातच 'रेंडर स्केल' किंवा 'रेझोल्यूशन स्केल' असेल तर ते वापरा. त्यात बहुधा फक्त दृश्य मोठं काढलं जातं, अक्षरं मॉनिटरच्या मूळ मापाचीच राहतात. तिथली टक्केवारी मात्र नीट वाचा. बऱ्याच खेळांत २०० टक्के म्हणजे दोन्ही बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट. दुप्पट समजून लावलं की कार्ड धापा टाकतं.

नवखी
अच्छा, म्हणून काल रेंडर स्केल १५० ला फ्रेमरेट एवढा पडला! सव्वादोन पट झालं ते.

खडूस
व्हीआरएएमचंही (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) सांगा त्यांना. पिक्सेलमागे ४ बाइटचा एक बफर १०८०पीला साधारण ८ एमबीचा असतो, ४केला ३३ चा, आणि खेळ असे ढीगभर बफर बाळगतो.

तिरकी रेघ
बरोबर, पण व्हीआरएएम मुख्यतः टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) खातात, आणि त्यांचा दर्जा तोच ठेवला तर ती चौपट होत नाहीत. बाय द वे, बारीकनजर, ड्रायव्हरमध्ये तुमचा डीएसआरचा 'स्मूदनेस' किती आहे? ठेवलेला असतो ३३ टक्के. तो जादाचा धूसर फिल्टर आहे. ४x ला त्याची गरज नाही, ० करतात.

बारीकनजर
...३३.
म्हणजे इतके महिने मी चौपट पिक्सेल काढून वर बोळाही फिरवत होतो.

खडूस
😀 एफएक्सएएला नावं ठेवत होतात ना?

बारीकनजर
० करून आत्ताच तोच चौक, त्याच तारा बघून आलो. पाट्यांवरची अक्षरं लख्ख झाली, विटांच्या फटी मोजता येतात. पण अगदी लांबच्या दोन तारा, ज्या काल सलग होत्या, त्या आज चालताना पुन्हा किंचित चमचमतायत. आता १५ टक्क्यांवर ठेवून बघतो.

तिरकी रेघ
१५ ला छपराचाही एक फोटो काढून टाका इथे.