मराठी टिपणांसाठी एआयवालं नोट्स ॲप सुचवा (बारवांच्या नोंदी, चार ठिकाणी विखुरलेल्या)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी, जालना, हिंगोली या पट्ट्यातल्या बारवांच्या (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या) नोंदी मी बरीच वर्षं करतेय. नोकरी शाळेत, हे काम रविवारी आणि सुट्टीत. आता लिहायला बसले तर काहीच वेळेवर सापडत नाही. काही गूगल कीपमध्ये, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेलं, बाकी डायऱ्यांत. शिवाय 1967 च्या परभणी जिल्हा गॅझेटिअरची पीडीएफ आणि गावातल्या आजोबा-आजींची रेकॉर्डिंग.

मला हवंय ते असं: वालूरच्या बारवेबद्दल लिहिताना ॲपनं आपणहून सांगावं की बाई, अशाच देवकोष्ठाची (मूर्तीसाठीच्या कोनाड्याची) नोंद तू चारठाण्यातही केली होतीस. नुसतं शोधून देणारं नको, जोडून देणारं हवं. एआयवाली ॲप्स हे करतात असं ऐकते. लॅपटॉप जुना, 8 जीबीचा. फोन अँड्रॉइड. गावात नेट असून नसल्यासारखं. नव्वद टक्के टिपणं मराठीत. महिन्याला फार पैसे घालायची तयारी नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चष्मिष्ट
नोशन. डोळे झाकून. एआय आतच आहे, तक्ते करता येतात, फोटो टाकता येतात.

खटपट्या
चष्मिष्ट, नोशन चांगलंच आहे, पण ताईंनी नेट नसतं असं लिहिलंय आणि पैशांचंही. एआयची खरी मजा तिथे पैसे भरल्यावर आहे. आमच्या ऑफिसात वापरतो, टीमसाठी उत्तम. एकट्या माणसाच्या वीस वर्षं टिकायच्या नोंदींसाठी मी सुचवणार नाही.

गोदाकाठ, माझं मत ऑब्सिडियनकडे. कारण एकच: टिपणं साध्या मजकुराच्या फायली म्हणून तुमच्याच लॅपटॉपवर राहतात. उद्या कंपनी बुडाली तरी नोटपॅडमध्ये उघडतील. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपनं 2023 च्या शेवटी फुकट खात्याला 50 टिपणं आणि एकच वही अशी मर्यादा घातली, तेव्हा किती जणांची धावपळ झाली ते आठवा. ऑब्सिडियन वापरायला फुकट आहे, फोन आणि लॅपटॉप जुळते ठेवण्याची त्यांची सोय मात्र पैसे देऊन मिळते. ती नको असेल तर फोल्डर दुसऱ्या मार्गानं जुळवता येतं.

दुहेरी चौकटी कंसात गावाचं नाव लिहिलं की त्या गावाच्या टिपणाशी दुवा तयार होतो आणि तिकडून उलटाही दिसतो. आपणहून सुचवण्याचं काम करतं 'स्मार्ट कनेक्शन्स' नावाचं प्लगइन. ते प्रत्येक टिपणाचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करतं आणि ज्यांचे आकडे जवळ येतात ती टिपणं बाजूला दाखवतं. 'देवकोष्ठ' एकीकडे आणि 'भिंतीतला कोनाडा' दुसरीकडे असं लिहिलं असलं तरी अर्थावरून जोडी लागू शकते. हे गणित लॅपटॉपवरच होतं, त्यामुळे नेट नसलं तरी चालतं.

पण एक मोठा पण आहे, आणि तो इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. सुरुवातीला येणारं मॉडेल छोटं आणि इंग्रजीवर शिकवलेलं असतं. देवनागरी शब्दाचे ते सुटे तुकडे करतं, अर्थ हातात राहत नाही. परिणाम असा की सगळी मराठी टिपणं एकमेकांसारखीच दिसायला लागतात आणि कुठल्याही बारवेला कुठलंही टिपण 'जवळचं' म्हणून येतं. लोक दोन दिवस बघतात आणि एआय बकवास म्हणून सोडून देतात. सेटिंगमध्ये जाऊन बहुभाषी मॉडेल निवडा. 'मल्टिलिंग्वल-ई5' मधलं छोटं तुमच्या लॅपटॉपला झेपेल. 'बीजीई-एम3' जास्त ताकदीचं, पण 8 जीबीत पंखा ओरडेल. प्लगइनच्या आवृत्तीप्रमाणे यादी बदलत असते, तेव्हा नावापेक्षा 'बहुभाषी आहे का' एवढंच बघा. मॉडेल बदललं की सगळी टिपणं पुन्हा वाचून घ्यायला लागतात, रात्री लावून झोपा.

शंकासुर
एवढी खटपट करण्यापेक्षा वही, पेन आणि मागच्या पानावर अनुक्रमणिका. पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम 1948 ला सुरू झालं. जवळपास एक कोटी चिठ्ठ्या, सगळ्या हातानं लिहिलेल्या आणि कपाटांत लावलेल्या. कुठला एआय होता तिथे?

खटपट्या
शंकासुरजी, आणि पहिला भाग छापून यायला 1976 उजाडलं :) ताईंना तेवढा वेळ आहे का ते विचारा.

र्‍हाइनकाठी
चिठ्ठ्यांचा विषय निघालाच आहे तर. इथे जर्मनीत निकलास लुहमान नावाचा समाजशास्त्रज्ञ होऊन गेला (1927 ते 1998), बीलेफेल्ड विद्यापीठात. त्यानं आयुष्यभरात सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. नव्या चिठ्ठीवर जुन्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहायचा. आजच्या जोडणी करणाऱ्या बहुतेक ॲप्सचे भक्त याचंच नाव घेतात. विद्यापीठानं त्या चिठ्ठ्या आता ऑनलाइन ठेवल्यात. पाहण्यासारखी गोष्ट ही की जोडणी तो स्वतः करायचा. हे टिपण त्या टिपणाशेजारी का, हे त्याला ठरवावं लागायचं. मशीननं दाखवलेली जोडी तुम्ही नुसती मान्य केलीत तर विचार कुणाचा झाला?

म्हणून मी एक नियम पाळतो. ॲपनं जोडी सुचवली की लगेच दुवा द्यायचा नाही. आधी एक वाक्य लिहायचं: 'दोन्हीकडे देवकोष्ठ आहेत, पण इथला पाण्याच्या पातळीवर आणि तिथला वरच्या टप्प्यावर.' वाक्य सुचत नसेल तर ती जोडी सोडून द्यायची.

गोदाकाठ
खूप आभार सगळ्यांचे. ऑब्सिडियन उतरवलं, कीपमधली टिपणं टाकली, मॉडेल बदललं. र्‍हाइनकाठींचा नियम भिंतीवर चिकटवलाय. जोड्या बऱ्या येतायत. पण साधा शोध विचित्र वागतोय. 'विहीर' टाकलं तर निम्मी टिपणं येतच नाहीत. 'पायऱ्या' टाकलं तर तेच. टिपणं तिथेच आहेत, डोळ्यांना दिसतायत!

मात्रावेलांटी
हे माझ्या आवडीचं दुखणं. साधा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. 'विहीर' मध्ये ही दीर्घ, 'विहिरीत', 'विहिरीच्या' मध्ये हि ऱ्हस्व. जुळणार कसं? 'बारव' ला हा त्रास नाही, कारण 'बारवेत' मध्ये 'बारव' तसंच्या तसं असतं. म्हणून नुसतं 'विह' टाकून शोधा. सोबत एखादा विहार येईल, येऊ दे.

'पायऱ्या' ची गोष्ट वेगळी. तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. फोनवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल तर हे होणारच. सगळ्या फायलींत एकदा शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. पायऱ्यांशिवाय बारव कसली, तुम्हाला हे करावंच लागेल.

अजून एक. पीडीएफ श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटांत असतील तर त्यातून कॉपी केलेला मजकूर एआयला देऊ नका. दिसतं मराठी, आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. पानाचं चित्र करून त्यावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारी सोय) चालवा. गूगल ड्राइव्ह मराठी बऱ्यापैकी वाचतं.

मोडीवाचक
उशिरा येतोय. ताईंच्या कामाचे दोन भाग आहेत असं मला वाटतं. स्वतःच्या टिपणांसाठी ऑब्सिडियन ठीक. पण गॅझेटिअर, अहवाल, लेख यांना प्रश्न विचारायचे तर गूगलचं नोटबुकएलएम बघा. तुम्ही दिलेल्या कागदांवरूनच उत्तर देतं आणि प्रत्येक विधानापुढे आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की मूळ परिच्छेद उघडतो. फुकट खात्यात एका नोटबुकात 50 स्रोत बसतात. मराठीत विचारा, मराठीत उत्तर येतं. नेट लागतं, तेव्हा हे घरी बसून. आणि आकड्यावर बोट ठेवल्याशिवाय एकही वाक्य उचलू नका.

सनांच्या बाबतीत तर कुठल्याच एआयवर विसंबू नका. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. शिलालेखात काळ शके 1641 ते 1646. मी एका चॅटबॉटला ते टिपण दिलं तर त्यानं 1641 हे इसवी सन धरलं आणि विहीर थेट शहाजीराजांच्या काळाशी नेऊन जोडली. प्रत्यक्षात 78 मिळवले की 1719 येतं, म्हणजे शाहूंचा काळ. जोडणी किती सफाईदार होती म्हणून सांगू, दोन परिच्छेदांचं विवेचन सोबत! असली चूक शोधातून होत नाही, जोडून देणाऱ्या यंत्राकडूनच होते.

शंकासुर
तेच म्हणत होतो मी.

लिंबूटिंबू
रेकॉर्डिंगबद्दल कुणीच बोललं नाही. व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या मॉडेलला मराठी येतं आणि ते लॅपटॉपवरही चालतं, पण गावाकडच्या बोलीत, तोंडात पान असलेल्या आजोबांपुढे ते गडबडतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची भारतीय भाषांची मॉडेल्सही करून बघा. मी पूर्ण उतारा काढायच्या भानगडीत पडत नाही. ऐकता ऐकता 'मिनिट 14: गाळ काढायची पाळी कुणाची' अशी ओळ लिहिते, तेवढ्यावर जोड्या लागतात.

आणि रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवण्याआधी त्या माणसांना विचारलंय का? बारवेवर कुणाला पाणी भरू देत नव्हते हे आजीनं तुम्हाला सांगितलं, सर्व्हरला नाही. नावं काढून टाकलेलं टिपण एआयला द्या, आवाज घरीच ठेवा.

गोदाकाठ
लिंबूटिंबू, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. जातीचे उल्लेख बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहेत. ती सगळी लॅपटॉपवरच राहतील.

आता डायऱ्या राहिल्या. पानांचे फोटो काढून एआयकडून वाचून घ्यावं म्हणतेय. माझं अक्षर ठीक आहे. काय काळजी घ्यावी? आणि मोडीवाचक, माझ्याकडे शके, मराठेशाहीच्या कागदांतले शुहूर आणि निजामी कागदांतले फसली असे तिन्ही सन आहेत. एकत्र कसे लावायचे?

मात्रावेलांटी
डायरीसाठी सूचना अशी द्या: 'जसं लिहिलंय तसंच उतरव. शुद्धलेखन सुधारू नकोस. शब्द लागला नाही तर प्रश्नचिन्ह टाक, अंदाजानं भरू नकोस. आकडे आणि गावांची नावं शेवटी वेगळी यादी करून दे.' ती यादी मूळ पानाशी ताडून बघायला पानामागे मिनिटभर लागतं. फोटो टिपणालाच जोडून ठेवा.

मोडीवाचक
टिपणाच्या माथ्यावर दोन रकाने ठेवा. एक 'मूळ सन', त्यात कागदावर आहे तसं, सनाच्या नावासकट. दुसरा 'इसवी', तो तुम्ही स्वतः भरायचा, एआयनं नाही. शके असेल तर 78, जानेवारी ते फाल्गुन अखेर 79. शुहूर मृगाला सुरू होतो, तिथून डिसेंबरपर्यंत 599, पुढे 600. निजामी फसलीला 590 किंवा 591, महिना बघून. महिना नसेल तर दोन्ही वर्षं तिरपी रेघ देऊन लिहा. मग 'इसवी' रकान्यावर टिपणं क्रमानं लावता येतील. 'मूळ सन' कधी पुसू नका, एखाद्या कागदाचं वाचन बदललं तर तिथूनच पुन्हा मोजावं लागतं.

चष्मिष्ट
वाचनखूण साठवली. नोशनवरून हलायचा विचार करतोय, पण खटपट्याला सांगू नका.