माशांच्या टँकचं पाणी दुपारी ३३ डिग्री, बर्फाच्या बाटल्या सोडू की पंखा लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कुणीतरी लवकर सांगा प्लीज. ६० लिटरचा टँक आहे, दहा निऑन टेट्रा आणि सहा कोरी मासे. चार दिवस झाले दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटर ३३ दाखवतोय, टेट्रा सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि कोरी, जे एरवी तळाची वाळू हुंगत फिरतात, ते सारखे वर धाव घेतायत. काल सकाळी दोन टेट्रा मेलेले दिसले, फार वाईट वाटलं. हीटरचा प्लग काढलाय, लाईट दुपारी बंद ठेवते, बर्फाच्या दोन मोठ्या बाटल्या पाण्यात सोडते, त्याने पाणी ३० वर येतं पण संध्याकाळी परत ३२. हे रोजचं खालीवर होणंच त्यांना जास्त बाधतंय का?

प्रतिसाद:
आधी एअर पंप लावा, आत्ताच. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम, ३३ ला जेमतेम ७, आणि नेमका तेव्हाच माशांना जास्त लागतो. पंप नसेल तर फिल्टरची धार वरच्या पाण्यावर पडू द्या, पाणी हललं पाहिजे. बाटल्या फक्त अगदी अडचणीला, तेही एकावेळी एकच. झाकण काढून छोटा फॅन पाण्यावर तिरका लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, हवा दमट असेल तर कमी. वर जाळी टाका नाहीतर मासे उडी मारतात. खाणं निम्मं करा, उरलेलं सडून अमोनिया होतो आणि गरम पाण्यात तो जास्त विषारी. पाणी रोज घटेल ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरा, पण नुसतं भरत राहिलात तर क्षार साठतात, म्हणून आठवड्याला थोडं पाणी बदलाच.

धागाकर्ती:
खूप आभार! काल संध्याकाळीच फॅन आणि एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) लावला, आज तीनला २९.५ होतं, कोरी परत वाळूत तोंड खुपसून बसलेत, बघून इतकं बरं वाटलं. एकच विचारायचंय, एअरस्टोनचा आवाज होतो, रात्री बंद केला तर चालेल?

प्रतिसाद:
नको, रात्रीच जास्त गरज असते. टँकमध्ये झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजनच घेतात. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, घरघर कमी होईल.