कोरोनात कर्ता माणूस गेलेली घरं: कोणती योजना आधी, कोणता कागद आधी?

बचतगट_समन्वयक

नमस्कार. बचत गटांच्या यादीत 2020 आणि 2021 मध्ये कर्ता पुरुष गेलेली बरीच घरं आहेत. बहुतेकांना 50,000 रुपयांचं सानुग्रह साहाय्य मिळालं. त्यापुढे काहीच लागलेलं नाही. तेव्हाची लहान मुलं आता आठवी-नववीत आहेत आणि एकेक करून शाळेतून गळायला लागली आहेत. योजनांची नावं माहीत आहेत, पण अर्ज परत येतात: कधी उत्पन्नाच्या दाखल्यावरून, कधी "कोरोनाचा पुरावा नाही" म्हणून. एका घराचं काम हातात घेतलं तर कोणत्या क्रमाने जावं? आणि ज्यांना ते 50,000 सुद्धा मिळाले नाहीत त्यांचं काय?

सेतू_ते_तहसील

आधी तो "कोरोनाचा पुरावा" डोक्यातून काढा. तो फक्त सानुग्रह साहाय्याला लागतो. संजय गांधी निराधार, बालसंगोपन, राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य यांपैकी कशालाही मृत्यूचं कारण सिद्ध करावं लागत नाही, नुसता मृत्यूचा दाखला पुरतो. त्या दाखल्यावर कारण छापलेलंच नसतं, ते डॉक्टरांच्या फॉर्म 4 किंवा 4-ए मध्ये असतं. खिडकीवर "दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही" म्हणून अर्ज परत केला, तर कोणत्या नियमाने, हे लेखी मागा.

आता क्रम. पहिलं काम शिधापत्रिका. पतीचं नाव कमी करायचं, आणि विधवा बाई सासऱ्या-दिरांच्या कार्डावर असेल तर तिचं व मुलांचं कार्ड विभक्त करून घ्यायचं. हे आधी का, तर उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा निघतो. कार्ड एकत्र असलं की दिराची शेती आणि सासऱ्यांचं पेन्शन तिच्या नावावर मोजलं जातं आणि अर्ज तिथेच मरतो. निम्मे नकार या एका चुकीतून येतात असं माझं मत आहे.

दुसरं काम नावं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, मुलाच्या शाळेत आईचं तिसरंच. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकी सगळं त्याप्रमाणे. उलटं केलं तर प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो. मुलांचं आधार 5 व्या आणि 15 व्या वर्षी बायोमेट्रिकसह अद्ययावत करायचं असतं. आठवी-नववीच्या पोरांचं नेमकं तेच राहिलेलं असतं.

तिसरं खातं. पासबुकाला आधार जोडलं म्हणजे झालं असं नाही. थेट लाभाची रक्कम त्या आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मोबाइलचं सिम घेताना कुणीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसे तिकडे साचतात. बाईला वाटतं अनुदान आलंच नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते, अर्ज करण्याआधीच पाहा.

यानंतर तहसील. संजय गांधी निराधार योजनेत वय 18 ते 65, महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. रक्कम 2023 पासून महिना 1,500. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल आणि गेलेला माणूस 18 ते 59 वयाचा असेल तर कुटुंब अर्थसाहाय्याचे एकरकमी 20,000 वेगळे आहेत, दोन्ही अर्ज एकाच फेरीत द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

50,000 न मिळालेल्यांसाठी: मूळ नियम चाचणी झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू, मग तो घरी झालेला असला तरी चालतो. तीस दिवसांनंतरही रुग्णालयातच भरती असताना माणूस गेला असेल तर तेही धरलं जातं. 20 मार्च 2022 पूर्वीच्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2022 पासून 60 दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. पण मुदतीत अर्ज करता न येण्यासारखी खरी अडचण असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येईल, असंही त्याच आदेशात आहे. अडचण कागदाने दाखवा: बाई स्वतः रुग्णालयात होती, दाखला उशिरा मिळाला, असं काही.

बालसंरक्षण_कक्ष

मुलांबद्दल लिहिते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेलं मूलही बसतं. दोन्ही जायला हवेत हा गैरसमज फार पसरला आहे. रक्कम आधी 1,100 होती, 2023 मध्ये महिना 2,250 झाली. वय 18 पर्यंत. म्हणून तुमच्या यादीतली मुलं वयाने मोठ्यापासून लहानाकडे लावा. पंधरा वर्षांच्या मुलीचे तीनच वर्षं उरलेत, तिची फाइल आधी.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. पालकाचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि आईचं आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा व रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, आई-मुलाचा घरासमोरचा फोटो. मग गृहभेट, चौकशी अहवाल आणि बालकल्याण समितीचा आदेश. काम अडतं ते गृहभेटीत आणि समितीसमोर हजर राहण्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाला घेऊन जाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं वर. एका गावच्या पाच-सात मुलांची एकाच तारखेला सुनावणी ठेवा, असं पत्र गटाच्या लेटरहेडवर देऊन पाहा.

शाळेतून गळालेल्या मुलाला आधी परत दाखल करा, बोनाफाईड त्याशिवाय मिळणार नाही. आणि दोन्ही पालक गेलेलं मूल यादीत असेल तर राज्याची 5 लाखांची मुदत ठेव आणि केंद्राच्या पीएम केअर्स निधीतले 23 व्या वर्षी मिळणारे 10 लाख त्याच्या नावावर झाले आहेत का, हे जिल्हा कक्षात तपासून घ्या. नातेवाइकांच्या तोंडी उत्तरावर थांबू नका.

पासबुक_वाचक

वर एक मोठी गोष्ट राहिली आहे: गेलेल्या माणसाचं स्वतःचं पासबुक. योजनांच्या मागे धावताना त्याने भरलेले पैसे कुणी बघतच नाही.

एप्रिल 2021 मध्ये गेला असेल तर मे-जून 2020 च्या नोंदी काढा. 330 रुपये वजा दिसले तर ती जीवनज्योती विम्याची वर्गणी आहे आणि 2 लाखांचा दावा बसतो. 12 रुपयांची नोंद सुरक्षा विम्याची, तो अपघाताचा, आजाराने मृत्यूला नाही. बँक "आता उशीर झाला" म्हणाली तरी दावा लेखी द्या आणि नकारही लेखी घ्या, कारण विमा लोकपालाकडे जायला तोच कागद लागतो आणि त्यानंतर एका वर्षाची मुदत असते.

कारखान्यात, गोदामात, सुरक्षारक्षक म्हणून काम करत असेल आणि पगारातून पीएफ कापला जात असेल तर तीन फॉर्म: पीएफसाठी 20, विम्यासाठी 5-आयएफ, पेन्शनसाठी 10-डी. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागतं, किमान 1,000 रुपये, आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळं. पीएफसोबतच्या या विम्याची कमाल रक्कम 7 लाख आहे. कंत्राटदाराने सही नाकारली म्हणून ही घरं वर्षानुवर्षं गप्प बसतात, हे फार वाईट आहे. तसं झालं तर पीएफ कार्यालयात थेट तक्रार करा. पीएफचा नंबर माहीत नसेल तर जुनी पगारपावती शोधा.

गवंडी, सेंट्रिंग, रंगकाम यांपैकी काही असेल तर बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड पाहा. मृत्यूच्या दिवशी नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूला 2 लाख आणि विधवेला वर्षाला 24,000 असे पाच वर्षं. नूतनीकरण चुकलेलं असेल तर इथेच दार बंद होतं.

बचतगट_समन्वयक

मनापासून आभार, सेतू दादा, ताई आणि बाकीचे. एक अडचण उरते. कार्ड विभक्त करूनही दाखला 21,000 च्या वर निघतो. मजुरी करून दोन मुलं जगवणाऱ्या बाईचं उत्पन्न त्याहून कमी लिहायचं तरी कसं?

सेतू_ते_तहसील

लिहू नका. खोटा दाखला पुढे तिच्याच अंगावर येतो. मर्यादाच चुकीची आहे, हे हिशेबाने दाखवा. रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये होता. 71 दिवस काम केलं की 21,087 होतात, म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामाचे शंभर दिवस तिने पूर्ण केले तर सरकारच्याच मते ती निराधार राहत नाही. निराधार योजनेची रक्कम वाढली, मर्यादा वाढली नाही. ग्रामसभेत हाच हिशेब मांडून मर्यादा वाढवण्याचा ठराव घ्या आणि तहसीलदारांमार्फत वर पाठवा.

तोपर्यंत व्यवहारातलं: तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्या अहवालात सगळ्यांना एकच ठोकळ आकडा टाकलेला असतो. तो मान्य करू नका. वर्षात खरोखर किती दिवस काम मिळालं, याचं स्वयंघोषणापत्र द्या, जॉबकार्डवरचे दिवस जोडा आणि चौकशी मागा. बऱ्याच घरांचा खरा आकडा त्या ठोकळ आकड्यापेक्षा कमीच असतो.

ज्या लाडकी बहीणमध्ये आहेत त्यांची मर्यादा अडीच लाख आहे, रक्कम तीच 1,500, पण ती आणि संजय गांधी निराधार या दोन्ही एकत्र मिळत नाहीत. तिथे ई-केवायसीला पतीचं आधार मागतात. पती हयात नसेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची असते, ती दिली आहे का बघा.

सातबारा_आणि_वारस

शेतीची घरं असतील तर वारस नोंद विसरू नका. पत्नी, मुलं-मुली आणि मृताची आई, सगळे वारस. अर्जात दिराने फक्त मुलग्यांची नावं घातली असतील तर फेरफाराच्या (सातबाऱ्यावरील नाव बदलाच्या) नोटिशीच्या 15 दिवसांत लेखी हरकत द्या. बाईचं नाव लागलं की पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12,000 तिच्या खात्यात वळवता येतात. तिचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर पीककर्ज नाही आणि नुकसानभरपाईही तिला मिळत नाही.